सरईचं बी थांबत नाही

पावसाच्या तोंडावर, मे सरता सरता, सरईचं बी झाडावरून सुटू लागतं. सरई म्हणजे साल, छत्तीसगडचा राज्यवृक्ष. बीला पाच पंख असतात, तीन लांब आणि दोन आखूड. भिंगरीसारखं गरगरत ते खाली येतं. पण त्याचं आयुष्य जेमतेम आठवड्याचं. हवा दमट असली तर कधीकधी झाडावरच कोंब फुटतो.

हे मला फार महागात पडून कळलं. धमतरी जिल्ह्यातल्या नगरी-सिहावाच्या जंगलातून आणलेली पिशवी मी भिलईच्या घरात दहा दिवस तशीच ठेवली. रोपांच्या पिशव्या मातीने भरायच्या होत्या, शेणखत यायचं होतं. पेरलं तेव्हा एकही उगवलं नाही. दुसऱ्या वर्षी वाफे आधी तयार केले, मग बी आणायला गेलो. ते गोणीत न कोंबता टोपल्यांत पातळ पसरून आणलं आणि पोचल्या संध्याकाळीच मातीत घातलं. बियांपासून झाडं करण्याच्या विद्येत माती नंतर येते. आधी तिथी सांभाळावी लागते, आणि प्रत्येक झाडाची तिथी वेगळी.

मोहाची टोरी, म्हणजे बी, जून-जुलैत पडते, तीही फार दिवस राहत नाही. निंबोळी गोळा केली की गर धुऊन लगेच सावलीत सुकवायची आणि दोन-तीन आठवड्यांत पेरायची. सागाची तऱ्हा नेमकी उलटी. त्याचं फळ इतकं टणक की घाई करून काही मिळत नाही. रात्री पाण्यात, दिवसा उन्हात, असं आठवडा-दोन आठवडे चालवायचं, तेव्हा कवच सैल होतं. तरी सगळं बी एकदम उगवेल याची खात्री नाही. एका वाफ्यात काही रोपं बोटभर होतात तेव्हा शेजारचं बी नुकतं जागं होत असतं. बाभळीचं काम शेळ्या करतात. शेंगा खाऊन त्यांच्या पोटातून निघालेलं बी जास्त चांगलं उगवतं, म्हणून जाणती माणसं शेळ्यांच्या गोठ्यातून ते वेचतात.

बी कुठून घ्यायचं, हा प्रश्न मला सगळ्यात मोठा वाटतो. रस्त्याकडेच्या एकाच झाडाखाली बसून पोतं भरणं सोपं. पण मग पुढची सगळी रोपं एकाच आईची. एकमेकांपासून दूर असलेली, सरळ वाढलेली, निरोगी झाडं निवडावीत आणि प्रत्येकाखालचं थोडं थोडं बी घ्यावं. पाखरांसाठी आणि जमिनीसाठी निम्मं तरी तिथेच राहू द्यावं.

भिलईत या कामाला एक वेगळं वजन आहे. 1955 च्या सोव्हिएत करारानंतर पोलाद कारखाना उभा राहिला आणि 1959 च्या फेब्रुवारीत पहिली झोतभट्टी पेटली. नोकरीसाठी देशभरातून माणसं आली, त्यांत मराठी कुटुंबंही होती. आज सेक्टरांमधल्या रस्त्यांवर सावली आहे, पण त्या सावलीबाहेर पाऊल टाकलं की भाठा लागते. छत्तीसगढी शेतकरी जमिनीचे भाठा, मटासी, डोरसा, कन्हार असे प्रकार सांगतो. त्यांतली भाठा म्हणजे लाल मुरमाड, पाणी न धरणारी. कारखान्याला चुनखडी पुरवणाऱ्या नंदिनीच्या खाणीची वापर संपलेली जमीनही अशीच उघडी होती. अलीकडच्या वर्षांत तिथे शेकडो एकरांवर झाडं लावली गेली. अशा जमिनीवर मूळ किती खोल जातं, हेच ठरवणारं असतं. मोहाचं सोटमूळ पानांच्या आधी धावतं. पिशवीत जास्त दिवस ठेवलं तर तळाशी वेटोळं घेतं आणि ते झाड पुढे कधी सुधारत नाही.

सरईची रोपं वाढवणाऱ्याची कसोटी पुढच्या उन्हाळ्यात लागते. रानातल्या रोपाचा शेंडा वर्षानुवर्षं सुकतो आणि पावसात पुन्हा फुटतो, मुळं मात्र जाड होत राहतात. वाफ्यातही पहिल्या उन्हाळ्यात काही कांड्या वाळून गेल्या. मी त्या उपटून टाकायलाच निघालो होतो. नर्सरीत काम करणाऱ्या एका म्हाताऱ्या बाईंनी हात धरला, नखाने बुंध्याजवळची माती बाजूला केली आणि सालीवर एक बारीक ओरखडा काढला. आत ओलसर पांढरं होतं. "ए जियत हे," त्या म्हणाल्या, आणि झारी घेऊन पुढच्या वाफ्याकडे गेल्या.