एका पायवाटेची वाटणी

डोंगरातील पायवाट कोणाची, असा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. ज्याचे पाय त्याची वाट, असेच सर्वसाधारणपणे मानले जाते. परंतु त्याच अरुंद वाटेवर वळणापलीकडून एखादी सायकल वेगाने अंगावर येते, तेव्हा मालकीचा नसला तरी वहिवाटीचा प्रश्न उभा राहतो. तो नुसत्या सदिच्छेने सुटत नाही. त्याला नियम लागतो. अमेरिकेतील टाहो सरोवराभोवतीच्या वाटेवर हा प्रश्न ज्या रीतीने हाताळला गेला, ती रीत अर्थशास्त्राच्या अभ्यासकाप्रमाणेच सामान्य नागरिकानेही पाहण्यासारखी आहे.

मराठी कानाला ‘टाहो’ हा शब्द विलापाचा वाटेल. पण तेथील वाशो आदिवासींच्या भाषेतील सरोवरवाचक शब्दावरून हे नाव आले आहे. कॅलिफोर्निया आणि नेवाडा या राज्यांच्या सीमेवर, सिएरा नेवाडा पर्वतात, सुमारे १,९०० मीटर उंचीवर हे सरोवर पसरले आहे. लांबी ३५ किलोमीटर, रुंदी १९ किलोमीटर आणि कमाल खोली ५०१ मीटर. त्याच्या भोवतालच्या डोंगरकडांवरून सुमारे २६५ किलोमीटरची एक वर्तुळाकार पायवाट जाते. १९८१ साली तिची कल्पना पुढे आली आणि मुख्यतः स्वयंसेवकांच्या श्रमांतून २००१ साली हे वर्तुळ पूर्ण झाले.

या परिसरातील सायकलस्वारांची सर्वांत आवडती वाट मात्र त्याहून जुनी आहे. १८५९ साली नेवाडात कॉमस्टॉक येथे चांदीचे प्रचंड साठे सापडले. खाणींच्या आधारासाठी लाकूड हवे होते आणि खाणींभोवती वाढलेल्या वस्तीसाठी पाणी. सरोवराच्या पूर्वेकडील अरण्य त्यापायी तोडले गेले. आणि वरच्या मार्लेट तलावाचे पाणी नेण्यासाठी डोंगराच्या कुशीत लाकडी पन्हळ बसविण्यात आली. पन्हळीला उतार बेताचा लागतो. म्हणून तिच्यासाठी कोरलेली पट्टी जवळजवळ सपाट राहिली. पुढे खाणींचे वैभव ओसरले, पन्हळ कुजून गेली, पट्टी तेवढी उरली. आज सरोवराच्या पाण्यापासून साडेचारशे मीटर उंचावरून सायकलस्वार तिच्यावरून जातात. एका बाजूस उभा कडा आणि दुसऱ्या बाजूस खाली निळे सरोवर, असा तो मार्ग आहे. ज्या भांडवलाने डोंगर उघडा केला, त्यानेच नकळत ही वाट मागे ठेवली, असे म्हणावे लागेल.

डोंगरी सायकल हे वाहनही असेच जुन्या सामानातून जन्मले. कॅलिफोर्नियातील मरीन परगण्यात १९७०च्या दशकात काही तरुण जाड टायरच्या जुन्या, अवजड सायकली घेऊन टॅमलपायस डोंगराच्या उतारावरून शर्यती लावीत. त्यातून नव्या बांधणीची सायकल निघाली, १९८०च्या दशकात कारखान्यांनी ती हजारोंनी बनविली आणि १९९६ साली हा खेळ ऑलिंपिकमध्ये दाखल झाला. पण सायकल वाढली तशी वाट काही वाढली नाही. पादचारी, घोडेस्वार आणि सायकलस्वार एकाच हातभर रुंद पट्टीवर आले. १९६४च्या कायद्याने राखीव अरण्यांत यांत्रिक वाहतुकीस मनाई होती. तीत सायकलही येते, हे १९८४ साली अमेरिकी वनखात्याने नियमाने स्पष्ट केले. परिणामी टाहोभोवतीचे ते वर्तुळ सायकलस्वाराला अखंड मिळत नाही. बराच भाग त्याला वर्ज्य आहे.

सरोवराच्या ईशान्येकडील सुमारे १४ किलोमीटरच्या टप्प्यावर मात्र सरसकट मनाई न करता मधला मार्ग काढण्यात आला. तेथे सायकलींना केवळ सम तारखांना प्रवेश आहे. सायकलींचा उपद्रव ज्याला नको असेल, त्या पादचाऱ्याने विषम तारीख निवडावी. सम-विषम तारखांच्या पार्किंगचे फलक पाहण्याची सवय असलेल्या पुणेकराला यात नवल वाटणार नाही. पण हा नियम दिसतो त्याहून शहाणा आहे. सोमवार, बुधवार, शुक्रवार अशी वारांनी वाटणी केली असती, तर नोकरदाराचा रविवार कायमचा एकाच पक्षाकडे गेला असता. सात हा आकडा विषम असल्याने लागोपाठचे रविवार आलटून पालटून सम आणि विषम येतात. एकतीस दिवसांच्या महिन्याअखेरीस तेवढा क्रम चुकतो. शनिवार-रविवारच्या जोडीतही बहुधा एक दिवस एकाचा, दुसरा दुसऱ्याचा. साध्या वर्षात ३६५पैकी १७९ दिवस सम तारखांचे; म्हणजे सायकलस्वाराच्या पदरी थोडे कमीच पडते. पण भांडण व्हावे इतके ते कमी नाही.

सामायिक कुरणाची गत नाशातच होते, असे गॅरेट हार्डिन यांनी १९६८ साली मांडले. खाजगी मालकी किंवा सरकारी अंमल, एवढेच उपाय त्यानंतर पुष्कळांना दिसू लागले. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी जगभरच्या उदाहरणांवरून दाखवून दिले की, माणसे आपापसांत पाळता येण्याजोगे नियम करून सामायिक संपत्ती पिढ्यान्‌पिढ्या टिकवितात. त्या कार्याबद्दल २००९ साली त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. हा मान मिळविणाऱ्या त्या पहिल्या महिला होत. महाराष्ट्राला ही गोष्ट अपरिचित नाही. धुळे-नाशिक भागात पांझरा, मोसम या नद्यांवर चालत आलेली फड पद्धत याच जातीची. पाण्याची पाळी गावाने ठरवावी, पाटकऱ्याने ती सांभाळावी आणि पाळी मोडणाऱ्याला साऱ्या गावाने ओळखावे, ही तिची रीत.

अर्थात पाळीने सर्व काही साधत नाही. दिवस वाटून घेता येतात, झीज वाटून घेता येत नाही. १९६८ साली टाहोच्या पाण्यात सुमारे ३१ मीटर खोलवर पांढरी तबकडी दिसत असे. अलीकडे ती सुमारे २० मीटरवरच दिसेनाशी होते. बारीक गाळ हे त्याचे एक मोठे कारण असून तो प्रामुख्याने रस्ते आणि वस्त्यांतून येतो. तथापि सायकल असो की बूट, वाट उखडली की तिची माती खालीच जाणार. त्यात आता विजेरीच्या सायकली आल्या आहेत आणि वेगाचा वाद पुन्हा नव्याने सुरू झाला आहे.

तरीही त्या १४ किलोमीटरच्या टप्प्याने शिकविलेली गोष्ट मोलाची आहे. नियम असा असावा की, तो समजण्यास वकील आणि तपासण्यास पहारेकरी लागू नये. भिंतीवरचे कॅलेंडर पुरावे. आणि आजचा दिवस आपला नसेल, तर उद्याचा आहे, हा भरवसा दोन्ही पक्षांना असावा. तो भरवसा असला की अरुंद वाटही दोघांना पुरते. तो नसला की मग हमरस्ताही अपुरा पडतो.