मूल हरवलं, तर लाज कसली?

संक्रांतीला आपल्या सिद्धरामेश्वरांची गड्डा यात्रा भरते, तेव्हा होम मैदानावर एक गोष्ट हमखास ऐकू येते. पाळण्यांची घरघर, पिपाण्या, गर्दीचा कल्ला आणि या सगळ्याच्या वर लाउडस्पीकर... ‘लाल फ्रॉक घातलेली तीन-चार वर्षांची मुलगी सापडली आहे, आईवडिलांनी ओळख पटवून घेऊन जावं.’ आषाढी-कार्तिकीला पंढरपुरात चंद्रभागेच्या वाळवंटात हेच. यातली बहुतेक मुलं थोड्याच वेळात आईच्या कडेवर जातात. का? कारण पोराचा हात सुटला हे कळताक्षणी ती आई टाहो फोडते. भेटेल त्याला विचारते, पोलीस दिसला की त्याच्याकडे धावते. लाजबीज काही आड येत नाही.

पण मैत्रिणींनो, हीच आई घरातून पंधरा-सोळा वर्षांची मुलगी निघून गेली तर काय करते? दार लावून घेते. ‘मामाकडे गेलीय,’ असं शेजारणीला सांगते. रात्रभर डोळ्याला डोळा लागत नाही, पण तोंडातून शब्द काढत नाही. आज मला याच गप्प बसण्याबद्दल तुमच्याशी बोलायचंय.

मध्यंतरी शहराच्या पूर्व भागात एका बचत गटाच्या बैठकीला गेले होते. बहुतेक जणी विडी कामगार. बोलता बोलता मी विचारलं, ‘घरातलं मूल संध्याकाळपर्यंत परत आलं नाही, तर काय कराल?’

‘भावकीत फोन लावू.’ ‘रूपाभवानीला नवस बोलू.’ ‘बघणाऱ्याकडं जाऊन विचारू, कुठल्या दिशेला गेलंय ते.’ पोलिसांचं नाव काही येईना. शेवटी मीच काढलं, तर एकजण म्हणाली, ‘पोलिसात? चोवीस तास झाल्याबिगर घेतच नाहीत की ओ ताई!’ आणि कोपऱ्यातल्या एक मावशी हळूच म्हणाल्या, ‘पोरीचं असलं तर कसं जायचं ओ? उद्या कोण करून घेईल तिला?’

त्यावर कुणीच काही बोललं नाही. मग एकीनं तिच्या नणंदेच्या मुलीचं सांगितलं. नववीतली मुलगी. घरच्यांनी तीन दिवस कुणाला कळू दिलं नाही. पाहुण्यारावळ्यांत गुपचूप शोध घेतला. चौथ्या दिवशी पोलिसांकडे गेले, तोवर तिच्याजवळचा मोबाइल कायमचा बंद झालेला. मुलगी मिळाली, पण पाच महिन्यांनी आणि दुसऱ्या राज्यात. त्या पाच महिन्यांत काय झालं, ते ती अजून बोलत नाही. ‘ते तीन दिवस वाया गेले नसते तर...’ एवढं बोलून ती बाई थांबली.

तेव्हा पहिली गोष्ट पक्की लक्षात ठेवा. मूल बेपत्ता झाल्यावर चोवीस तास थांबायचं, असा कुठलाही नियम नाही. उलट १० मे २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयानं ‘बचपन बचाओ आंदोलन’च्या याचिकेवर स्पष्ट सांगितलं, की १८ वर्षांखालचं मूल हरवल्याची तक्रार आली, की पोलिसांनी लगेच गुन्हा नोंदवायचा आणि त्याला पळवून नेलं असावं असं धरूनच तपास सुरू करायचा. ‘मैत्रिणीकडे गेली असेल, उद्या या,’ हे उत्तर चालत नाही. पूर्वी हा गुन्हा भारतीय दंड विधानाच्या कलम ३६३ खाली नोंदवला जायचा, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम १३७ खाली नोंदवला जातो. ‘ही आमची हद्द नाही,’ असंही कुणी म्हणू शकत नाही. कुठल्याही ठाण्यात तक्रार द्या, ती पुढं योग्य ठिकाणी पाठवणं हे त्यांचं काम. एफआयआरची प्रत फुकट मिळते, ती मागून घ्या. आणि कुणी नोंद घेतच नसेल, तर शहरात पोलीस आयुक्तांकडे आणि ग्रामीण भागात पोलीस अधीक्षकांकडे लेखी अर्ज द्यायचा.

हा निकाल येण्यासाठी किती आयांना रडावं लागलं, ठाऊक आहे? दिल्लीजवळ नोएडातलं निठारी आठवा. डिसेंबर २००६ मध्ये तिथल्या नाल्यात मुलांचे सांगाडे सापडले आणि सारा देश हादरला. मुलं काही त्या एका दिवसात नाहीशी झाली नव्हती. गरीब आईबाप कधीपासून पोलिसांच्या पायऱ्या झिजवत होते, पण त्यांच्या तक्रारी कुणी मनावरच घेतल्या नव्हत्या.

आता मावशींच्या प्रश्नाकडे येऊ. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात ८३ हजारांहून जास्त मुलं बेपत्ता झाल्याची नोंद झाली. त्यातल्या जवळजवळ ६३ हजार मुली होत्या. म्हणजे चारातल्या तीन मुली! आणि या फक्त नोंदवलेल्या. अब्रूच्या भीतीनं दाराआड राहिलेल्या कुठं मोजायच्या? कुणी लग्नाच्या आमिषाला भुललेली असते, कुणी नोकरीच्या. कुणी घरच्यांनी ठरवलेलं लग्न नको म्हणून निघते, तर कुणी फक्त मार्कांवरून बोलणी खाल्ली म्हणून. ‘ती स्वतःच्या पायांनी गेली,’ असं आपण म्हणतो. पण १८ वर्षांखालच्या मुलीच्या ‘हो’ला कायदा संमती मानत नाही. मग आपण तरी तिला गुन्हेगार का मानायचं?

आणि आपल्या सोलापुरात तर वेळ दवडणं फार महागात पडतं. नकाशा डोळ्यांसमोर आणा. रात्री सिद्धेश्वर एक्स्प्रेसला बसलेलं मूल सकाळी मुंबईत. उद्यान एक्स्प्रेसला बसलं तर कलबुर्गी, रायचूर करत थेट बेंगळुरू. हैदराबादच्या गाड्या वेगळ्याच. विजयपूरची एस.टी. पकडली तर दोन-अडीच तासांत दुसरं राज्य. शिवाय आपल्याकडे कुणाच्या घरी तेलुगू, कुणाच्या घरी कन्नड. पाच वर्षांचं तेलुगू बोलणारं लेकरू मुंबईच्या फलाटावर रडत असलं, तर त्याचं बोलणं तिथं कुणाला कळणार?

म्हणूनच हे काम एकट्या ठाण्याचं नाही. आपल्याकडे शहर पोलीस वेगळे, ग्रामीण पोलीस वेगळे. रेल्वेत गुन्ह्याचा तपास करणारे लोहमार्ग पोलीस वेगळे आणि रेल्वे सुरक्षा दल वेगळं. मुलांची काळजी बघणारा महिला व बालविकास विभाग आणखी वेगळा. इतक्या हातांना एकत्र बांधणारा दोरा म्हणजे तुमची तक्रार. ती नोंदली गेली की मुलाचा फोटो आणि वर्णन दुसऱ्या ठाण्यांना कळवलं जातं आणि ‘मिशन वात्सल्य’ या सरकारी पोर्टलवर चढवलं जातं. हरवलेल्या मुलांची माहिती एका बाजूला आणि देशभर बालगृहांत सापडलेल्या मुलांची दुसऱ्या बाजूला. दोन्हींचा मेळ घालायचा. पूर्वी ‘ट्रॅक चाइल्ड’ आणि २०१५ साली सुरू झालेलं ‘खोया-पाया’ अशी दोन वेगळी पोर्टल होती, ती आता यातच सामावली आहेत. पोलीसही वर्षातून ठराविक काळ ‘ऑपरेशन मुस्कान’ची मोहीम काढून स्थानकं, धाबे, बालगृहं पालथी घालतात. चार महिन्यांत माग लागला नाही, तर तपास अनैतिक मानवी वाहतूक प्रतिबंधक कक्षाकडे द्यायचा, असं ठरलेलं आहे. पण बायांनो, मुळात नावच कुठं लिहिलं गेलं नाही, तर ही सगळी यंत्रणा शोधणार कुणाला?

१०९८ हा नंबर तर प्रत्येकीला पाठ हवा. १९९६ साली मुंबईत सुरू झालेली ही चाइल्डलाइन २०२३ पासून सरकारच चालवतं आणि ती ११२ या तातडीच्या नंबरशी जोडली आहे. फोन फुकट, रात्री-अपरात्री कधीही. रेल्वेत असाल तर १३९.

आता उलट बाजू. तुम्हाला एखादं चुकलेलं मूल सापडलं तर? ‘देवानं दिलं’ म्हणून किंवा दया आली म्हणून घरी ठेवून घेऊ नका. २०१५ च्या बाल न्याय कायद्यानुसार चोवीस तासांच्या आत पोलीस, १०९८ किंवा बाल कल्याण समितीला कळवावं लागतं. न कळवणं हा गुन्हा आहे. त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. तुम्ही प्रेमानं भरवत असाल हो, पण तिकडे त्याची आई अन्न गोड लागत नाही म्हणून उपाशी बसलेली असते.

सापडलेलं मूल चोवीस तासांत बाल कल्याण समितीपुढं न्यावं लागतं. अध्यक्ष आणि चार सदस्य, त्यात निदान एक बाई असलीच पाहिजे. मूल घरी द्यायचं की तूर्त बालगृहात ठेवायचं, हे ही समिती ठरवते. आपल्याकडे अजून सरसकट ‘रिमांड होम’ म्हणतात आणि घाबरतात. पण बालगृहात राहणाऱ्या मुलानं काही गुन्हा केलेला नसतो. आपल्या जिल्ह्याला हे काम नवं नाही. पंढरपुरात प्रार्थना समाजानं टाकून दिलेल्या मुलांसाठी बालकाश्रम सुरू केला तो १८७५ साली.

घाबरून भलतंच केलं तर काय होतं, तेही आपल्याच जिल्ह्यानं सोसलंय. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा गावात जमावानं पाच भिक्षेकऱ्यांना ठेचून मारलं. मुलं पळवणारी टोळी आल्याची अफवा मोबाइलवरून फिरत होती. मेलेल्यांतले बहुतेक आपल्या मंगळवेढा तालुक्यातले, नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे. त्यांनी कुणाचंच मूल पळवलं नव्हतं. आणि स्वतःची लेकरं मात्र पोरकी झाली. तेव्हा असा मेसेज आला की पुढं ढकलू नका. खरंच शंका आली तर ११२ ला फोन करा.

मूल लगेच मिळालं नाही, तरी आशा सोडू नका. मुंबईत अंधेरीतली सात वर्षांची एक मुलगी जानेवारी २०१३ मध्ये शाळेला जाताना नाहीशी झाली. सहायक उपनिरीक्षक राजेंद्र भोसले यांच्याकडे अशा १६६ मुलींच्या तक्रारी होत्या. १६५ मिळाल्या, ही एकच राहिली. ते निवृत्त झाले तरी तिचा फोटो जवळ बाळगून होते. ऑगस्ट २०२२ मध्ये ती मिळाली, नऊ वर्षांनी आणि घरापासून फार लांब नाही! ती कामाला होती तिथल्या एका बाईनं इंटरनेटवर तिचं जुनं पोस्टर शोधलं. त्यावर पाच फोन नंबर होते. चार बंद पडलेले, एकच चालू, तोही शेजाऱ्याचा. त्या एका नंबरवर मुलगी आईला मिळाली. म्हणून सांगते, तक्रारीत दिलेला नंबर कितीही वर्षं झाली तरी बंद करू नका. बदललाच तर ठाण्यात कळवा.

आणि आधारचं काम अर्धवट ठेवू नका. पाच वर्षांखालच्या मुलाच्या बोटांचे ठसे घेतलेले नसतात. ते पाचव्या वर्षी आणि पुन्हा पंधराव्या वर्षी द्यावे लागतात. २०२१ साली नागपुरात वाढत असलेला एक मुलगा शाळेसाठी आधार काढायला गेला, तर त्याचे ठसे आधीच नोंदलेले निघाले. त्यावरून जबलपूरचे आईवडील सापडले, जवळजवळ दहा वर्षांनी! त्या मुलाला स्वतःचा पत्ता सांगता येत नव्हता, त्याच्या बोटांनी सांगितला.

एवढं आजच करा. मुलाचा अलीकडचा, चेहरा स्पष्ट दिसणारा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. बारशाचा नव्हे बरं का! अंगावरची खूण, उंची, बोलायची भाषा वहीत लिहून ठेवा. लहानग्याला आईवडिलांचं पूर्ण नाव आणि एक फोन नंबर गाण्यासारखा पाठ करून घ्या. यात्रेला नेताना खिशात चिठ्ठी ठेवा. मूल मिळालं की व्हॉट्सअॅपवर टाकलेला त्याचा फोटो सगळीकडून काढायला लावा. आयुष्यभर ते ‘हरवलेलं पोर’ म्हणून फिरायला नको.

आणि मुलगी परत आली, तर त्या रात्री तिला फक्त जेवायला वाढा. कुठं होतीस, कुणाबरोबर होतीस, ते नंतर. मारझोड नको, शाळा बंद नको आणि घाईघाईनं कुणाच्या गळ्यात बांधणं तर नकोच. नाहीतर ती पुन्हा जाईल, आणि त्या वेळी परत यायचा रस्ता आपणच बंद केलेला असेल. अब्रू गेली तर चार दिवस लोक बोलतात आणि विसरतात. लेक गेली तर आयुष्यभर तिचं ताट रिकामं राहतं. लोकांचं तोंड धरायला जाऊ नका, तडक पोलीस ठाणं गाठा.