मोबाइलवरून सुकेळीची विक्री

वसई तालुक्याच्या आगाशी परिसरात राजेळी जातीची केळी उन्हात वाळवून सुकेळी करण्याचा घरगुती धंदा फार जुना आहे. पिकलेली केळी सोलून मांडवावर वाळत घालावयाची, सांजेस ती आत घ्यावयाची व अंगी पुरता ओलावा उरला नाही म्हणजे केळीच्याच वाळलेल्या पानांत बांधावयाची, एवढीच त्याची कृती. साखर नाही, तेल नाही. अडचण आहे ती विक्रीची. 22 मार्च 2020 च्या मध्यरात्रीपासून उपनगरी गाड्या बंद झाल्या, तेव्हा पहाटेच्या गाडीने मुंबईस फुले, पाने व भाजी नेणाऱ्या वसईच्या उत्पादकांचा माल घरीच राहिला. एकाच वाटेवर अवलंबून राहण्यातील धोका त्या वर्षी सर्वांनाच कळून आला.

ज्यांच्यापाशी भांडवल नाही त्यांनी दूरविक्रीचा आरंभ ताज्या फुलांनी वा पानांनी न करता सुकेळीने करावा, हे अधिक श्रेयस्कर होय. फुले वाटेत कोमेजतात. सुकेळी टपालाचा प्रवास सोसतात. संकेतस्थळ उभारण्याचा खर्च प्रथम करण्याचे कारण नाही. घरात मोबाइल असतोच. त्यावरील व्हॉट्सअ‍ॅपमध्ये व्यवसायासाठी निराळी विनामूल्य सोय आहे व तीत मालाचे छायाचित्र, वजन व दर मांडून ठेवता येतात. पहिली गिऱ्हाइके बहुधा नात्यागोत्यातील व नोकरीनिमित्त परगावी गेलेली मंडळीच असतात. त्यांना उधार देऊ नये; नात्यातील उधारी वसूल करणे सर्वांत कठीण!

दर ठरविताना बहुतेकांची चूक होते. केळ्याच्या गरात सुमारे 75 टक्के पाणी असते. म्हणून सोललेल्या 3 किलो केळ्यांपासून जेमतेम 1 किलो सुकेळी हाती येतात, आणि सालीचे वजन त्याआधीच गेलेले असते. यास्तव केळ्यांची किंमत, वेष्टन, टपालहशील आणि घरच्या स्त्रियांची मजुरी ही सर्व धरूनच दर काढावा. ही मजुरी सहसा कोणीही हिशेबात घेत नाही व मग नफा झाल्याचा भास होतो. प्रत्येक घाण्याचे ओले व सुके वजन वहीत टिपावे, म्हणजे पुढील हंगामात अंदाज करावा लागत नाही.

अवकाळी ढग आले की माल नीट वाळत नाही, आणि अर्धवट वाळलेल्या सुकेळ्यांस बंद पिशवीत बुरशी धरते. गिऱ्हाईक दूर असल्याने असा माल परत येतो तो दुप्पट हशील घेऊन, शिवाय नाव जाते ते निराळेच. तेव्हा आगाऊ मागणी स्वीकारताना पाठवणीची तारीख सैल ठेवावी व आभाळ भरून आल्यास गिऱ्हाइकास तसे कळवावे; मुदत पाळण्यासाठी ओलसर माल कदापि पाठवू नये.

फळे व भाजीपाला 2016 साली महाराष्ट्रात बाजार समितीच्या नियमनातून मुक्त झाला, त्यामुळे ताजी केळीही बाजार समितीच्या आवाराबाहेर थेट ग्राहकास विकता येतात. परंतु सुकेळी हा प्रक्रिया केलेला खाद्यपदार्थ होय. अन्न सुरक्षा व मानके अधिनियम 2006 अन्वये लहान उत्पादकासही नोंदणी करणे आवश्यक आहे. ती संगणकाद्वारे करता येते. नोंदणी क्रमांक, उत्पादकाचे नाव व पत्ता, निव्वळ वजन, किंमत, तयार केल्याची तारीख व किती दिवसांत वापरावे, हे सर्व वेष्टनावर स्पष्ट छापावे. उद्यम नोंदणीस काहीही शुल्क नाही. ती करून देतो म्हणून पैसे मागणाऱ्या मध्यस्थापासून दूर राहावे.

पैसे यूपीआयने घ्यावेत. मात्र एक गोष्ट घरातील प्रत्येकाने ध्यानी धरावी: पैसे घेण्यासाठी गुप्त क्रमांक कधीही टाकावा लागत नाही, तो लागतो केवळ देताना. मोठी मागणी नोंदवून “पैसे पाठवितो, हे चिन्ह स्कॅन करा व क्रमांक टाका” असे सांगणारा गिऱ्हाईक नसून ठक असतो. रक्कम मिळाल्याच्या चित्रावर विसंबून माल बांधू नये, बँक खात्यात जमा पाहावी. फसवणूक झालीच तर विलंब न लावता 1930 या क्रमांकावर कळवावे. तक्रार जितकी लवकर पोहोचेल तितका रक्कम रोखून धरण्याचा संभव अधिक असतो.