सुगीनंतरची हिरवी धसकटे आणि जनावरांना लागणारी किरळ

मानवत भागात रब्बी ज्वारीची काढणी साधारणतः फाल्गुनापर्यंत आटोपते. कडब्याच्या गंजी लागतात, शिवार मोकळे होते आणि रिवाजाप्रमाणे गुरे रानात सोडली जातात. वसंत ऋतूत पाळीव जनावरांना असणाऱ्या धोक्यांपैकी सर्वांत फसवा धोका या मोकळ्या रानातच असतो.

ज्वारी कापली तरी धसकटाचे मूळ जिवंत असते. काळ्या जमिनीतील ओल, एखादी अवकाळी सर किंवा जायकवाडीच्या डाव्या कालव्याचे शेजारच्या शेतास दिलेले पाणी, एवढ्यावर त्यास फुटवे येतात. सभोवार सर्व वाळलेले असता या पोपटी फुटव्यांकडे जनावर धावते. मालकासही तो फुकटचा हिरवा चारा वाटतो. परंतु या फुटव्यांत धुरिन नावाचे द्रव्य असते. पान चावले जाताच व पुढे पोटात गेल्यावर त्यापासून हायड्रोसायनिक आम्ल हे तीव्र विष निर्माण होते. त्यामुळे रक्तात प्राणवायू असूनही शरीराच्या पेशींना तो वापरता येत नाही. यासच किरळ लागणे म्हणतात. मालदांडी असो वा परभणी मोती, कोवळे फुटवे कोणत्याही वाणाचे निर्धोक समजू नयेत. गाय, बैल, म्हैस, शेळी व मेंढी या रवंथ करणाऱ्या जनावरांना ही बाधा विशेष लवकर होते.

लक्षणे पुष्कळदा चरल्यानंतर १०-१५ मिनिटांतच दिसू लागतात. जनावर धापा टाकते, तोंडास फेस येतो, अंग थरथरते, पाय लटपटतात व ते खाली कोसळते. डोळ्यांच्या व हिरड्यांच्या आतील त्वचा आरंभी लालभडक दिसते. अशा वेळी ‘पान लागले’ अशी समजूत होऊन मांत्रिकाकडे धाव घेण्यात मोलाचा वेळ जातो, हे ग्रामसेवकांनी आवर्जून समजावून द्यावे. उपचार आहे, पण तो तात्काळ व्हावयास हवा. पशुवैद्य सोडियम नायट्राइट व त्यापाठोपाठ सोडियम थायोसल्फेट शिरेतून टोचतात. नायट्राइट हे स्वतःच अधिक मात्रेत घातक असल्यामुळे हा उपचार कोणी परस्पर करू नये. धापा टाकणाऱ्या जनावरास बळेच औषध वा पाणी पाजू नये. ते फुफ्फुसात उतरते. कळपातील बाकीची जनावरे प्रथम त्या रानातून बाहेर काढावीत.

ऐन खरिपाच्या तोंडावर जोडीतला एक बैल गेला तर लहान शेतकऱ्याची पेरणीच अडते. म्हणून काढणी होताच नांगरट करून धसकटे वेचून घ्यावीत, हा उत्तम उपाय होय. ते लगेच साधत नसेल तर गुरे सोडण्यापूर्वी बांधावरून नव्हे, तर रानात उतरून पाहणी करावी, कारण फुटवे धसकटांच्या आड असतात. उपाशी जनावर अधाशीपणे खाते. यास्तव रानात नेण्यापूर्वी त्यास कडबा घालावा. अवकाळी पाऊस झाल्यावर तर ज्वारीच्या रानात चराई बंदच ठेवावी. फुटवे कापून कोमेजलेल्या स्थितीत घालणेही तितकेच धोक्याचे आहे.

खरीप ज्वारीचे पीकही फुलोऱ्यापूर्वी, विशेषतः पावसाच्या ताणाने खुरटले असता, असेच घातक ठरते. मात्र पक्व पिकाच्या चांगल्या वाळलेल्या कडब्यापासून हे भय नाही. तो निःशंकपणे घालावा.