सातभाई आणि परक्याचे पिल्लू

गेल्या श्रावणातली गोष्ट. हमालांच्या बैठकीसाठी आम्ही वाशीम जिल्ह्यातील कामरगावी मुक्कामास होतो. प्रश्न साधा होता. परगावाहून आलेल्या एका हमालाचा पाय पोत्यांखाली सापडून मोडला होता. त्याच्या घरची चूल पेटती राहावी म्हणून प्रत्येक टोळीने मजुरीतून थोडा वाटा काढावा, असे आमचे म्हणणे. परंतु टोळ्या पडल्या भाऊबंदांच्या. "तो आमच्यातला नव्हे," एवढ्यावर रात्री बैठक उठली.

सकाळी परसात एकच गिल्ला झाला. बाहेर येऊन पाहतो तो सात-आठ मातकट पक्षी पऱ्हाट्यांच्या ढिगाआड दबा धरलेल्या मांजरावर तुटून पडल्यासारखे ओरडत होते. मांजराने काढता पाय घेतला. हे सातभाई.

नाव सातभाई असले तरी थव्यात सातच असतात असे नाही. कधी कमी, कधी अधिक. बाकीचे पालापाचोळा उलथून किडे टिपत असता एखादा उंच बसून पहारा करतो. त्याने हाक दिली की सारे सावध होतात. पिल्लांना चारा भरविण्याचे कामही केवळ आईबापांचे नसते; थव्यातले इतरही भरवितात. १९७० नंतरच्या दशकात ॲन्थनी गॅस्टन यांनी दिल्लीत या पक्ष्यांचा अभ्यास केला. थव्यातले बहुतेक पक्षी एकमेकांचे नातलग असतात. म्हणजे हीही भाऊबंदांचीच टोळी!

आम्ही मनात म्हटले, रात्रीच्या मंडळींचे खरेच ठरले. इतक्यात फांदीवर एक थोराड, पट्टेदार शेपटीचे पिल्लू आ वासून बसलेले दिसले. एक सातभाई त्याच्या चोचीत अळी घालीत होता. घरधनी म्हणाले, "हे पावशाचं पोर."

पावसाआधी शेतकऱ्यास 'पेरते व्हा' सांगणारा तो पावशा. तो स्वतः घरटे बांधीत नाही. त्याची मादी सातभाईच्या घरट्यात अंडे घालते. दोघांचीही अंडी निळी. त्यामुळे फसगत होते, आणि परक्याचे पोर आपले समजून पोसले जाते.

यास औदार्य म्हणता येणार नाही. सातभाई परक्यास भरवितात ते त्यास ओळखीत नाहीत म्हणून. माणसाची गोष्ट येथेच निराळी होते. समोरचा आपल्या गावचा नाही, गोताचा नाही, हे पुरते ओळखून आपण त्याच्यासाठी घास काढू शकतो. संघटना म्हणतात ती याच ओळखीवर उभी राहते, रक्तावर नव्हे.

दुपारी पुन्हा बैठक झाली. आम्ही पाहिले ते सांगितले. एक म्हातारे हमाल म्हणाले, "पाखरू फसून करते, आपण समजून करू." दोन टोळ्यांनी वाटा कबूल केला. तिसरीने अद्याप केलेला नाही. तिच्याकडे आम्ही पुन्हा जाणार आहोत.