तळाचा हिशेब

उत्रोलीत समुद्र म्हटलं की वरंध घाट उतरायचा, महाड गाठायचं आणि मग पुढची खाडी. अशा डोंगराआडच्या गावात मी गेला पावसाळा आल्फ्रेड अल्कॉक वाचण्यात घालवला.

हा गृहस्थ जन्मानं मुंबईकर, १८५९ चा. वडील जहाजावर कप्तान. घरची परिस्थिती घसरली आणि सतराव्या वर्षी पोराला वायनाडच्या कॉफीच्या मळ्यात धाडलं. पुढं कलकत्त्यात कारकुनी, दार्जिलिंगला मास्तरकी, मग अ‍ॅबर्डीनला डॉक्टरी! १८८८ मध्ये ‘इन्व्हेस्टिगेटर’वर ‘सर्जन नॅचरलिस्ट’ म्हणून त्याची नेमणूक झाली. ही चाकांची लाकडी आगबोटही मुंबईच्याच गोदीतली.

बोटीचं खरं काम नकाशांसाठी किनारे आणि खोली मोजण्याचं. सरकारला नकाशे हवे होते, मासे नव्हेत. खोल समुद्रात जाळं टाकायला मिळे ते येता-जाता, उरल्यासुरल्या वेळात. शेकडो वाव खाली जाळं सोडायचं, तासन्‌तास ओढायचं, आणि वर येई तो पुष्कळदा नुसता चिखल. त्यातच एखादा जवळजवळ आंधळा मासा, एखादा अंगावर दिव्यांची रांग मिरवणारा. दाब उतरला की माशांचे डोळे बाहेर येत, अंग फाटे. स्पिरिटात रंग उडतो, म्हणून ते आधीच टिपून ठेवायचे.

बँकेत हयात गेल्यामुळं असेल, मला भावली ती बरणीतली चिठ्ठी. ठिकाण, खोली, तारीख. ती हरवली तर आतला मासा म्हणजे व्हाउचरविना नोंद. मात्र जाळं ओढणाऱ्या खलाशाच्या नावाला त्या चिठ्ठीवर जागा नव्हती. कलकत्त्यात या प्राण्यांची चित्रं काढणारे ए. सी. चौधरी आणि एस. सी. मंडल तेवढे छापील पानांवर नावानिशी उरले.

१८९३ मध्ये अल्कॉक कलकत्त्याच्या इंडियन म्युझियमचा प्रमुख झाला. १९०२ मध्ये त्यानं बोटीवरच्या चार वर्षांची हकीकत पुस्तकरूपानं छापली. संग्रह नीट सांभाळावा म्हणून त्यानं योजना मांडली, तिला दाद मिळेना, तेव्हा सरळ राजीनामा दिला. सरकारी खुर्ची एवढ्यासाठी सोडणारा विरळाच. १९१६ मध्ये त्याच म्युझियमच्या प्राणिविभागातून भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्था उभी राहिली. तोवर हा लंडनमध्ये उष्ण प्रदेशांतल्या रोगांवर शिकवत होता. १९३३ मध्ये तिकडंच वारला. बरण्या बहुतेक कलकत्त्यातच राहिल्या.