सायकल, साइडपट्टी आणि सार्वजनिक आरोग्य

पुण्याला एके काळी ‘सायकलींचे शहर’ म्हणत. पत्र्याचा बिल्ला, डायनॅमोचा दिवा आणि तासाच्या भाड्याने मिळणारी सायकल यांविषयी हळवेपणाने पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु शाळामास्तर, कारकून आणि कारखान्यातील कामगार यांनी ही सायकल सोडली का, याचा विचार मात्र क्वचितच होतो. तो आज करावयाचा, कारण शहराच्या वेशीबाहेर, मुळशी तालुक्यातील रिहे खोऱ्यासारख्या भागात तीच घडामोड आता नव्याने होत आहे.

पुणेकर सुखावले म्हणून त्यांनी सायकल टाकली, हे उत्तर अपुरे आहे. स्कूटरसाठी नंबर लावून वर्षानुवर्षे थांबण्याचे दिवस संपले, हप्त्यांवर मोटारसायकल मिळू लागली आणि घर व कामाची जागा यांतील अंतरही वाढले, हे खरेच. तथापि त्याच काळात रस्ते रुंद झाले ते मोटारींसाठी. सायकलस्वार कडेला ढकलला गेला आणि अखेर रस्त्यावरूनच नाहीसा झाला. पुढे 2006 नंतर जलद बसमार्गांच्या कडेने सायकलमार्ग बांधण्यात आले. त्यांपैकी कित्येकांवर वाहने उभी राहू लागली. महापालिकेने 2017 मध्ये सर्वंकष सायकल आराखडा मंजूर केला, त्याच वर्षाच्या अखेरीस भाड्याच्या सायकलींचा प्रयोगही सुरू झाला. पण तो टिकला नाही. मार्ग आला तेव्हा त्यावरून जाणारा माणूस निघून गेला होता.

खोऱ्यातील बदल

रिहे खोऱ्याच्या एका अंगास हिंजवडीचे माहिती-तंत्रज्ञान केंद्र आहे, दुसऱ्या अंगास पिरंगुटचे कारखाने. भातशेतीवर जगणाऱ्या या पट्ट्यातील तरुण आता नोकरीसाठी रोज बाहेर पडतो आणि बहुधा मोटारसायकलीवरूनच पडतो. शेतीतील कष्ट कमी झाले. त्यांची जागा बसून करावयाच्या कामाने घेतली. याचे परिणाम शरीरावर होतात, हे नव्याने सांगावयास नको. जेरेमी मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1953 मध्ये लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरील नोकरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दिवसभर बसून असलेल्या चालकांपेक्षा जिने चढ-उतार करणाऱ्या वाहकांमध्ये हृदयविकार कमी आढळला. आपल्याकडे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीचे 2023 मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष असे सांगतात की, देशात सुमारे 10 कोटी 10 लाख मधुमेही आहेत आणि आणखी 13 कोटी 60 लाख लोक त्या उंबरठ्यावर उभे आहेत.

येथे थोडा हिशेब मांडून पाहू. कामाची जागा, शाळा किंवा बाजार घरापासून 5 किलोमीटरवर आहे असे धरले, तर जाऊन-येऊन 10 किलोमीटर होतात. सायकलीने त्यास सुमारे 40 मिनिटे लागतील. आठवड्याचे पाच दिवस धरले तर 200 मिनिटे. जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसास आठवड्याला किमान 150 मिनिटे मध्यम व्यायाम सांगते. म्हणजे वेगळा वेळ न काढता आणि व्यायामशाळेची वर्गणी न भरता हे माप पुरे होते. शिवाय तेच अंतर मोटारसायकलीने कापल्यास महिन्याला सुमारे 5 लिटर पेट्रोल लागते. लिटरमागे शंभर रुपये धरले, तरी वर्षाचे 6,000 रुपये होतात. जवळजवळ एका साध्या सायकलीची किंमत!

लाभ कोणाचा, धोका कोणाचा?

हिशेब इतका सरळ असूनही माणूस सायकल का घेत नाही? याचे उत्तर अर्थशास्त्रात आहे. सायकलीचा लाभ बऱ्याच अंशी समाजास मिळतो. धूर कमी, रस्त्यावरील गर्दी कमी, सरकारी दवाखान्यावरील भार कमी. धोका मात्र एकट्या सायकलस्वाराच्या वाट्यास येतो. मागून डंपर आला की डांबर सोडून खचलेल्या साइडपट्टीवर उतरावे लागते. आपल्या देशात 2022 या एका वर्षात रस्ते अपघातांत 1,68,491 माणसे मृत्युमुखी पडली. अशा रस्त्यावर ‘सायकल चालवा, निरोगी राहा’ हा उपदेश करणे म्हणजे स्वतः काठावर उभे राहून दुसऱ्यास पुरात ढकलण्यासारखे आहे. शासनाची दृष्टीही फार काळ याहून वेगळी नव्हती. ऑगस्ट 2019 पासून विजेवरील मोटारीवर 5 टक्के वस्तू व सेवा कर होता, तर सायकलीवर 12 टक्के. ही विसंगती दूर होण्यास सप्टेंबर 2025 उजाडावा लागला.

सार्वजनिक पैसा योग्य ठिकाणी पडला तर काय होते, हे बिहारने दाखविले. तेथे 2006 पासून नववीतील मुलींना सायकलीसाठी पैसे देण्यात आले. कार्तिक मुरलीधरन आणि निशिथ प्रकाश यांच्या अभ्यासानुसार मुलींची माध्यमिक शाळेतील नोंदणी 32 टक्क्यांनी वाढली आणि मुलगे व मुली यांच्यातील तफावत 40 टक्क्यांनी घटली. तमिळनाडूच्या पुदुक्कोट्टै जिल्ह्यात 1990 नंतरच्या साक्षरता चळवळीत हजारो स्त्रिया सायकल शिकल्या. पाणी आणणे, मुलांना शाळेत पोचविणे, माल विकणे यांसाठी त्यांना कोणाची वाट पाहावी लागेना. आरोग्याइतकाच हा स्वातंत्र्याचाही प्रश्न आहे.

मुळशीत चढ-उतार आहेत, पाऊसही धो-धो पडतो, हा आक्षेप रास्त आहे. परंतु पाऊस वर्षभर पडत नाही आणि गिअरच्या किंवा विजेची जोड असलेल्या सायकलींनी चढ पुष्कळ सोपे केले आहेत. भरधाव वाहनांवरचा उपाय मात्र सायकलीच्या दुकानात मिळत नाही. तो रस्त्याच्या अंदाजपत्रकातच असावा लागतो.

मागणी मोठी नाही. रस्त्याचे रुंदीकरण होताना साइडपट्टी मुरमाची न ठेवता पक्की करावी आणि ती अतिक्रमणापासून मोकळी ठेवावी. शाळा व वस्त्या यांजवळ वेगास आळा घालावा. बस जेथे थांबते त्या फाट्यावर सायकली ठेवण्यास छप्पर असावे, म्हणजे लांबचा प्रवास बसने आणि फाट्यापर्यंतचा सायकलीने होईल. त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या अकराव्या परिशिष्टात रस्ते व आरोग्य हे दोन्ही विषय पंचायतींकडे सोपविण्यासारखे म्हणून नमूद आहेत. मोठे रस्ते जिल्हा परिषदेचे वा सार्वजनिक बांधकाम खात्याचे असले, तरी ग्रामसभेच्या ठरावास वजन असते. प्रादेशिक विकासाची आखणी करणारे पुणे महानगर प्राधिकरणही 2015 पासून अस्तित्वात आहे. हे ठराव त्याच्यापर्यंत गेले पाहिजेत.

पुण्याने आधी सायकलस्वार गमावले आणि मग मार्ग बांधले. रिहे खोऱ्यात शाळेत जाणारी मुले अजून सायकल मागतात. ती मोटारसायकलीवर बसण्यापूर्वी रस्त्याच्या कडेचे चार-पाच फूट त्यांच्यासाठी राखून ठेवणे आपल्याला परवडणारे आहे. न ठेवल्यास त्याची किंमत पुढे औषधांच्या दुकानात भरावी लागेल.